माज आणि मोसम

माजावर येण्याचा मोसम प्रत्येक जनावराचा वेगळा. म्हैस बाराही महिने माजावर येऊ शकते, पण तिचा भर पावसाळा सरता सरता सुरू होतो आणि थंडी संपेपर्यंत टिकतो. मेंढी पहिल्या पावसाने माळ हिरवा झाला की फळते. शेळी वर्षात केव्हाही बोकड घेते. पाला भरपूर असेल त्या दिवसांत जास्त घेते. गाईवर मोसमाचे बंधन जवळजवळ उरलेले नाही, तर घोडी दिवस मोठे होऊ लागले की माजावर येते. दूध कोणत्या महिन्यात वाढणार, कोकरे केव्हा विकायला होणार, चारा कधी किती लागणार, हे पशुपालकाचे वर्षाचे सारे गणित या मोसमावर उभे असते.

मोसमाचे मूळ माजात नाही, विण्यात आहे. रानटी अवस्थेत आईला चारा आणि पिल्लाला ऊब मिळेल अशा दिवसांत जन्मलेले पिल्लूच जगत असे. त्यामुळे विण्याची वेळ पक्की झाली आणि गाभणकाळ मागे मोजून माजाची वेळ ठरली. शेळी-मेंढीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा, गाईचा २८० ते २८५, म्हशीचा ३०५ ते ३१५, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबात दहा महिने दहा दिवस, आणि घोडीचा सुमारे ३४० दिवसांचा. थंड मुलखातली मेंढी शरद ऋतूत फळते आणि पाच महिन्यांनी, नवे गवत फुटत असताना विते. घोडीला अकरा महिने पोटात वाढवायचे असते. तिलाही वसंतातच वियायचे, म्हणून ती आदल्या वर्षीच्या वसंत-उन्हाळ्यात फळते. दोघींचे विण्याचे दिवस एकच, माजाचे दिवस मात्र वर्षाच्या दोन टोकांना.

जनावराला ऋतू कळतो तो मुख्यतः रात्रीच्या लांबीवरून. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडाची खबर मेंदूतल्या पिनियल ग्रंथीपर्यंत पोहोचते. ही ग्रंथी अंधारात मेलाटोनिन सोडते. रात्र जितकी लांब, तितका वेळ ते रक्तात राहते. मेंढी, शेळी आणि म्हैस यांच्यात लांब रात्रीचा हा निरोप बीजांडकोशांना जागे करणारी संप्रेरके सुरू करतो. घोडीत तोच निरोप ती बंद ठेवतो. इंग्लंडमध्ये यीट्स या संशोधकाने मेंढ्यांना कृत्रिम उजेडात ठेवून त्यांचे वर्षच उलटे केले होते. ते काम १९४९ साली प्रसिद्ध झाले. उजेडाचे तास उलटताच माजाचा मोसमही उलटला. ऊन-थंडी किंवा चारा नव्हे, तर उजेड हेच तिथल्या मेंढीचे पंचांग आहे, हे त्यातून दिसून आले.

महाराष्ट्रात उजेडाची ही ताकद कमी पडते. इथे सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा असतो. फरक जेमतेम दोन-सव्वादोन तासांचा. लंडनमध्ये हाच फरक साडेआठ तासांच्या पुढे जातो. म्हणून दख्खनच्या जनावरांत उजेडाइतकीच, कित्येकदा त्याहून जास्त, सत्ता पावसाची, चाऱ्याची आणि उन्हाची असते. परदेशी पुस्तकातला मोसम इथल्या गोठ्याला जसाच्या तसा लावला तर फसगत होते, ती यामुळे.

उजेड आणि ऊन या दोन्हींचा जोर सर्वांत स्पष्ट दिसतो तो म्हशीवर. तिची काळी कातडी ऊन शोषून घेते, घामाच्या ग्रंथी गाईच्या मानाने कमी; पाण्यात किंवा चिखलात डुंबल्याशिवाय तिचे अंग निवत नाही. मार्चपासून जूनपर्यंत रात्री लहान होत जातात, उन्हाचा ताप वाढतो आणि हिरवा चारा संपलेला असतो. या काळात रक्तातले प्रोलॅक्टिन वाढते आणि बीजांडकोशांचे काम मंदावते. काही म्हशी माजावर येतच नाहीत. काही येतात, पण बाहेरून कळत नाही. यालाच मुका माज म्हणतात. मुक्या माजात आतले सगळे वेळेवर घडत असते, बीजांडही सुटते, फक्त लक्षणे दबलेली असतात. गावोगाव रेतनाचे काम करणाऱ्यांचा अनुभव असा, की ‘म्हैस माजावरच येत नाही’ या उन्हाळ्यातल्या तक्रारीमागे अनेकदा येऊन गेलेले माज असतात. ते रात्री आलेले असतात आणि पाहायला कुणी नसते.

म्हशीचा माज पाहायचा तो पहाटे आणि रात्री उशिरा. पहाटे चार-साडेचारला गोठ्यात गेले तर बाकीच्या म्हशी रवंथ करीत बसलेल्या असतात आणि एखादी उभी असते. पुढ्यातले आंबोण तिने अर्धे टाकलेले असते. मान उंच करून ती दाराकडे पाहते, मध्येच लांब रेकते, शेपटी किंचित उचलून पुन्हा पुन्हा थोडे थोडे मुतते. निरण, म्हणजे योनीचे बाहेरचे तोंड, सुजलेले दिसते, त्याच्या सुरकुत्या ताणून नाहीशा झालेल्या असतात आणि आतला भाग लालसर ओलसर असतो. गाईच्या सोटाची, म्हणजे माजातल्या चिकट स्रावाची, तार शेपटीला लोंबताना दिसते. म्हशीचा सोट कमी असतो, आत साठून राहतो आणि ती बसली की दाबाने बाहेर पडतो. म्हणून जाणता माणूस आधी म्हशीच्या मागे नाही, ती रात्री बसली होती त्या जमिनीकडे पाहतो. कंदिलाच्या किंवा बॅटरीच्या उजेडात तिथे काचेसारखा चकचकीत डाग दिसतो. मग धारेची वेळ येते तेव्हा सड ताठ लागतात, पान्हा उशिरा सुटतो आणि दूध रोजच्या मापाला कमी भरते. यातली एकटी खूण फसवू शकते. तीन-चार खुणा एकत्र आल्या तर माज खरा मानायला हरकत नाही. म्हशी गाईंसारख्या एकमेकींवर फारशा उडत नाहीत, त्यामुळे त्या खुणेची वाट पाहणारा माज गमावतो. मोठ्या गोठ्यांत नसबंदी केलेला रेडा सकाळ-संध्याकाळ फिरवतात. तो जिथे थांबतो, निरण हुंगतो आणि वरचा ओठ वर वळवून नाक उंच धरतो, तिथे माज असण्याची शक्यता मोठी. ओठ वळवण्याची ही कृती वळू, मेंढा, बोकड, घोडा सगळेच करतात. टाळूजवळच्या जेकबसन अवयवापर्यंत मुताचा गंध पोहोचवण्याची ती रीत आहे.

म्हशीच्या या मोसमाचे पडसाद थेट दुधाच्या बाजारात उमटतात. ऑक्टोबर ते जानेवारीत गाभण राहिलेल्या म्हशी पुढच्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये वितात. हिवाळ्यात दुधाची आवक वाढते, तो पुष्टकाळ. एप्रिल-मेमध्ये बऱ्याच म्हशी आटत आलेल्या असतात, तो कृशकाळ. दही, ताक, लस्सी, आइस्क्रीम यांना मागणी मात्र नेमकी तेव्हाच असते. मुंबईच्या तबेल्यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे व्यालेली म्हैस विकत घ्यायची आणि ती आटली की बदलायची. त्यात दुधाचा प्रश्न सुटतो, पण चांगल्या दुधाच्या म्हशीचे पुढचे वेत आणि तिचा वंश दोन्ही हातचे जातात. पंढरपुरी म्हशींचे कळप बाळगणारे कोल्हापूरचे गवळी म्हशी रस्त्यावरच्या कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात. अशा धंद्यात रोज दूध लागते, म्हणून काही म्हशी वितात, काही भर दुधात असतात आणि काही गाभण असतात असा मेळ ठेवावा लागतो. हा मेळ साधतो तो उन्हाळ्यातला माज न हुकवणाऱ्याला. दुपारी अंगावर पाणी, डुंबायला जागा, चाऱ्याचा मोठा वाटा रात्री, थोडा तरी हिरवा चारा, खनिज मिश्रण आणि दोन वेळचे बारीक निरीक्षण एवढ्याने मुक्या माजातल्या बऱ्याच म्हशी बोलक्या होतात.

गाईचा माज दर २१ दिवसांनी येतो. १८ ते २४ दिवसांचा फरक नेहमीचा. लक्षणे मोकळी असतात. गाय हंबरते, चारा टाकते, दुसऱ्या गाईंवर उडते. ही माजाची सुरुवात. दुसरी गाय अंगावर उडली तरी ती न सरकता उभी राहते, तो खरा माज. तो साधारण १२ ते १८ तास टिकतो आणि तो ओसरल्यावर १० ते १२ तासांनी बीजांड सुटते. शुक्राणूंना गर्भाशयात गेल्यावर फलनाची ताकद यायला काही तास लागतात आणि सुटलेले बीजांड फार वेळ टिकत नाही. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी गाय भरवावी, हा नियम जगभर रुळला. माजानंतर एक-दोन दिवसांनी कालवडीच्या शेपटीला रक्त लागलेले दिसते. ते पाहून काही जण गडबडीने रेतन करून घेतात. प्रत्यक्षात ती माज निघून गेल्याची खूण असते. तारीख लिहून पुढच्या तीन आठवड्यांची वाट पाहणे एवढेच तेव्हा हाती असते. संकरित होल्स्टिन गाईत उन्हाळ्यातला माज तोकडा होतो, कधी काही तासांतच संपतो, आणि गाभण राहण्याचे प्रमाणही घटते. मोसमाचे बंधन सुटलेल्या गाईवरही ऊन आपला अंमल असा चालवतेच.

कृत्रिम रेतनाने गावातला वळू आणि माजावरची गाय यांतले अंतर मिटवले. पुण्याजवळच्या उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या ‘बाएफ’ने ही सेवा शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली. पाव मिलिलिटरची कांडी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून काढायची, ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची, पुसून गनमध्ये बसवायची आणि लगेच वापरायची. काम दिसायला सोपे, पण कांडी कितीही उत्तम वळूची असली तरी वेळ चुकली तर ती वाया जाते. रेतन करणारा येतो तो फोन गेल्यावर. त्याच्या हाताइतकेच यश पहाटे गोठ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेचे असते, आणि बहुतेक घरांत ही नजर धार काढणाऱ्या बाईची असते. प्रशिक्षणाच्या वर्गाला मात्र बहुधा घरातला पुरुष जातो. माजाचे शिक्षण तिच्यापर्यंत पोहोचवणे हे पशुसंवर्धनातले मोठे आणि अजून अपुरे राहिलेले काम आहे.

नैसर्गिक रेतनात वळू प्रथम हुंगतो, मग गाईच्या पुठ्ठ्यावर हनुवटी टेकवून तिचा अंदाज घेतो. ती स्थिर राहिली तर उडतो. संयोग काही सेकंदांचाच असतो. गाय पुढे सरकली तर अनुभवी वळू थांबतो, नवखा दमतो. नरालाही मोसम असतो. त्याचे वृषण शरीरापेक्षा चार-पाच अंश थंड राहावे लागते, म्हणून ते बाहेर लोंबते आणि उन्हात आणखी खाली उतरते. मे महिन्याच्या तापात ही सोय अपुरी पडते. वळूत शुक्राणू तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात, त्यामुळे मेमधल्या उन्हाचा परिणाम जुलैतही दिसतो. पावसाळ्यात गार वारा सुटला, वळू तजेलदार दिसू लागला, तरी गाई उलटत, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येत राहतात, त्याचे एक कारण हे असते. वळूला उन्हाळाभर सावली आणि पाणी देणे ही पावसाळ्यातल्या गाभण गाईंची तयारी असते.

मेंढीचा माज १६-१७ दिवसांनी येतो आणि दीड दिवसाच्या आसपास टिकतो. लक्षणे जवळजवळ नसतात. मेंढी स्वतः मेंढ्याजवळ जाऊन घोटाळते, शेपटी हलवते, इतकेच. मेंढा खालच्या सुरात घुरघुरतो, मान तिरकी करून तिच्या कुशीला लागतो आणि पुढचा पाय ताठ करून तिला हलकेच मारतो. ती उभी राहिली की मेंढा तिच्यावर उडतो. धनगराच्या कळपात हे चालत्या रानातच घडते. जूनमध्ये कोवळे गवत फुटते, मेंढ्यांच्या अंगावर मांस चढते आणि आठ-पंधरा दिवसांत कळपात माज पसरतो. चारा सुधारला की बीजांडे सुटण्याचे प्रमाण वाढते, ही गोष्ट शास्त्राने नंतर तपासली. फळवण्याआधी दोन-तीन आठवडे मेंढ्यांना मुद्दाम खुराक देण्याची पद्धत त्यावरच बसवलेली आहे. जून-जुलैत फळलेली मेंढी दिवाळीच्या पुढेमागे विते. तेव्हा काढणी झालेली शिवारे चरायला मोकळी असतात आणि कित्येक कळप घाट उतरून कोकणाची वाट धरतात. वाटेवर जन्मलेली कोकरे घोड्याच्या पाठीवरून किंवा काखेत घेऊन चालतात. मुक्कामाला त्यांच्यासाठी वाघूर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावतात. आईचे दूध टिकेल इतका चारा असेल अशाच वेळी कोकरू जमिनीवर यावे, हा हिशेब या साऱ्या फिरस्तीत बसवलेला असतो.

कळपाचा माज एका वेळी आणण्याचे एक साधन मेंढपाळाच्या हातात आहे. मेंढे महिनाभर दूर ठेवायचे, इतके की त्यांचा वास आणि आवाजही मेंढ्यांना लागू नये. मग ते एकदम कळपात सोडायचे. माजाविना थांबलेल्या मेंढ्यांत नराच्या वासाने दोन-तीन दिवसांत बीजांड सुटते. हा पहिला माज मुका असतो. खरा माज त्यानंतर अडीच-तीन आठवड्यांनी दिसतो आणि पुष्कळ मेंढ्या काही दिवसांच्या अंतराने फळतात. कोकरे एकाच वयाची मिळतात, त्यांची राखण सोपी होते, बाजारही एकदम करता येतो. पंचवीस-तीस मेंढ्यांमागे एक जोमदार मेंढा पुरतो. मेंढ्याच्या छातीला रंग लावला तर उडालेल्या मेंढीच्या पाठीवर खूण राहते. सतरा दिवसांनी रंग बदलला की कोणती पुन्हा माजावर आली ते समजते. मेंढा मात्र वेळेवर बदलायला हवा, नाहीतर तो स्वतःच्याच लेकींना फळवतो आणि दोन-तीन पिढ्यांत कळप खुजा होतो. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गारोल मेंढीचा जुळे देणारा ‘फेक-बी’ हा जनुक दख्खनी मेंढीत आणला. जुळ्यांना दूधही जास्त लागते, म्हणून अशा मेंढ्यांत फळवण्याचा मोसम आणि चाऱ्याचा मोसम यांची सांगड आणखी काटेकोर राखावी लागते.

शेळीचा माज २१ दिवसांच्या आसपास येतो आणि दीड दिवस टिकतो. कधी दोन दिवसही. ती सारखी ओरडते, शेपटी झपझप हलवते, खाणे सोडून बोकडाच्या दिशेने पाहत राहते. बोकडाचे वागणे सर्वांत उघड. माजात आलेला बोकड स्वतःच्या पुढच्या पायांवर, दाढीवर मुततो, जीभ बाहेर काढून फडफडवतो आणि नाक फुरफुरवतो. त्याचा उग्र दर्प मुख्यतः शिंगांमागच्या ग्रंथींतून येतो. २०१४ साली जपानी संशोधकांनी त्या दर्पातून ४-इथाइलऑक्टेनल हे द्रव्य वेगळे काढले आणि त्याने शेळीच्या मेंदूतले प्रजननाचे केंद्र चेतवले जाते हे दाखवले. बोकड दूर ठेवून अचानक सोडला तर मेंढ्यांसारख्याच शेळ्याही एकत्र माजावर येतात, त्यामागचे हे एक कारण आहे. उस्मानाबादी शेळी जुळी करडे देण्यासाठी प्रसिद्ध. ती बाराही महिने फळते, म्हणून नीट लक्ष दिले तर दोन वर्षांत तिची तीन वेते मिळतात. पण केव्हाही फळते म्हणून केव्हाही फळवू नये. ऐन पावसाळ्यात, ओल्या गोठ्यात जन्मलेली करडे सर्दी-न्यूमोनियाने दगावतात. एप्रिल-मेमध्ये व्यालेल्या शेळीला दूधच उतरत नाही. जून-जुलैत फळवलेली शेळी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, कोरड्या हवेत आणि चारा असताना विते.

औषधांनी मोसम काही प्रमाणात वाकवता येतो. प्रोजेस्टेरॉनचे साधन काही दिवस योनीत ठेवून काढले, किंवा प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन दिले, तर ठरल्या दिवशी माज येतो आणि रेतनाची वेळ आखता येते. मेंढीत मेलाटोनिनची कांडी कानामागे कातडीखाली बसवून लांब रात्रीचा आभास निर्माण करतात. उन्हाळी म्हशींना या उपायांचा उपयोग होतो, पण प्रोस्टाग्लँडिन लागू पडते ते बीजांडकोश काम करत असतानाच. हाडे दिसणाऱ्या, जंताने पोखरलेल्या म्हशीला इंजेक्शन देऊन माज आणला तरी ती गाभण राहील याची खात्री नसते. आधी खुराक, जंतनाशक आणि सावली, मग औषध, हा क्रम उलटा करणाऱ्याचे पैसे जातात आणि म्हशीला त्रास होतो तो वेगळाच.

या सगळ्या कामाला आधार असतो तो तारखांच्या वहीचा. एक माज हुकला की २१ दिवस मागे पडतात, आणि तेवढ्या दिवसांचा चारा-खुराक पदरात काही न पडता खर्ची जातो. म्हणून माज दिसला ती तारीख, कोणता वळू किंवा कोणती कांडी, २१ दिवसांनी जनावर उलटले का, ६० ते ९० दिवसांनी तपासणीत गाभण निघाले का, या नोंदी प्रत्येक जनावराच्या नावापुढे असाव्यात. गाभण ठरले की विण्याची तारीख मांडता येते आणि तिच्या दोन महिने आधी दूध आटवून कासेला विश्रांती देता येते. व्याल्यावर गर्भाशय पूर्ववत व्हायला गाईला सुमारे दीड महिना लागतो. त्याआधी आलेला माज नोंदवायचा, पण भरवायचे नाही. दोन महिन्यांनंतरच्या माजावर गाय भरवली आणि ती राहिली, तर पुढचे वासरू वर्ष-तेरा महिन्यांत मिळते. म्हशीचा गाभणकाळ लांब, त्यात उन्हाळा आडवा येतो; तिला तेरा-चौदा महिने लागले तरी ते चांगले वेत समजावे. एप्रिलनंतर व्यालेली म्हैस पावसाळ्यापर्यंत माज दाखवत नसेल तर तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्या सावली-पाण्याची सोय तपासावी, पहाटेचे निरीक्षण चालू ठेवावे आणि ऑगस्ट उलटूनही माज दिसला नाही तर पशुवैद्याकडून बीजांडकोश तपासून घ्यावेत.